सिस्टर, बबनला मारू नका

सिस्टर माणसं मारायच्या. सकाळचा चहा आणि खारी बिस्किटं झाली की पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढायच्या आणि अगदी शांतपणे मारायच्या. त्यांच्या प्रत्येक कादंबरीत एक तरी माणूस जायचाच, आणि तोही नेमका असा, की वाचणाऱ्याचा त्याच्यावर जीव जडलेला असायचा. मी त्यांच्या कादंबऱ्या टाइप करायचे. त्यामुळे कोण जाणार हे सगळ्यांच्या आधी मला कळायचं, आणि ती माणसं माझी कोणी लागत नसली तरी त्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

दौंडला स्टेशनाजवळ माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. सिस्टर मूळच्या शिरूरच्या, तिथल्या जुन्या मिशनच्या आवारात वाढलेल्या. नर्सची सगळी नोकरी दौंडात झाली आणि नंतर त्या इथंच राहिल्या. पुस्तकांवर त्यांचं खरं नाव छापलेलं असे, पण गावाला त्या सिस्टरच. अर्ध्या गावाला त्यांनी सुई टोचलेली होती, त्यामुळे मोठमोठी माणसंही त्यांच्यासमोर जरा अंग चोरूनच उभी राहायची.

लिहिण्याला त्या ड्यूटी म्हणत. लिहायच्या उभ्यानं, इस्त्रीच्या टेबलावर. नर्सचं उलटं लटकणारं घड्याळ तेव्हाही छातीवर लावलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, आता तरी बसा." तर म्हणाल्या, "बसलं की डोळा लागतो. माझा डोळा लागला की पेशंट हातचा जातो." पेशंट म्हणजे त्यांची पात्रं. धडा चांगला उतरला की "आज पेशंट जेवला", अडला की "ताप आहे". कुणाबद्दल काहीच न बोलता त्या पेन्सिलीला टोक काढत राहिल्या, की मी समजून जायचे. त्याचं काही खरं नसायचं.

त्यांचं आवडतं वाचन म्हणजे पेपरातल्या निधनवार्ता. पात्रांची नावं त्या तिथूनच उचलायच्या. "हे नाव आता मोकळं झालं," असं म्हणून बोट ठेवायच्या, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. आवडती जागा दौंडच्या फलाटावरचं टोकाचं बाकडं. तिकडे भाजलेल्या शेंगा घेऊन बसायच्या आणि निरोप द्यायला आलेल्यांची बोलणी ऐकायच्या. "गाडी हलली की माणूस खरं बोलतो," हे त्यांचं ठाम मत. गाडी हलायच्या आधीचं सगळं बोलणं त्या टाकाऊ समजायच्या.

माझा नवरा दिलीप कुरकुंभच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. सिस्टरना तिथल्याच एका कामगारावर कादंबरी लिहायची होती. झालं! दर रविवारी त्या आमच्याकडे येऊ लागल्या. समोर बसून काही लिहून घ्यायच्या नाहीत, नुसत्या विचारायच्या. पहिल्याच दिवशी विचारलं, "दिलीप, भीती वाटते तेव्हा कुठं वाटते रे? पोटात की पायात?"

दिलीपनं जरा विचार केला. "दातात, सिस्टर. दात शिवशिवत्यात. पोटात काय न्हाई."

त्या उत्तरावर त्या इतक्या खूश झाल्या, की दुसरा चहा मागून घेतला. मग त्याचा कंपनीतला मास्क तोंडाला लावून आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि मला सुक्या मिरचीची फोडणी करायला लावली. मी खोकून बेजार, सिस्टर मात्र मास्कच्या आतून मान हलवताहेत. दिलीपही रंगात आला होता. "आत गेलं की पयलं वर बघायचं. खांबाला कापडाचा लांबडा मोजा बांधल्याला आस्तो, वारा कुठनं कुठं चाललाय ते त्याच्यावरनं कळतं. सायरन झाला की वाऱ्याला आडवं निघायचं. नाकासमोर पळाला तो फसला."

मीही काही कमी बोलले नाही. तो दाराबाहेर पडला की परत फिरून घोटभर पाणी पितो, हे मी सांगितलं. फाटकातून मोठ्यानं "येतो" म्हणतो आणि मी आतून "या" म्हटल्याशिवाय गाडीला किक मारत नाही, हेही सांगितलं. आपला नवरा पुस्तकात येणार म्हणून मी नुसती फुलले होते.

कादंबरीत त्याचं नाव बबन झालं. धडे टाइप करताना मला सुरुवातीला हसू यायचं, कारण बबनचे दात शिवशिवायचे, बबन पाण्यासाठी परत फिरायचा, बबनची बायको जरा जास्तच बडबडी होती. मग हळूहळू हसू मावळलं. बबनच्या प्लांटमधला एक व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. पुढच्या धड्यात साहेबानं ते कानाआड केलं. आणि सिस्टर बबनबद्दल काही बोलेनाशा झाल्या. मी गेले की पेन्सिलीला टोक काढत उभ्या असायच्या.

शेवटाच्या आधीचा धडा आला. बबननं चपला घातल्या, पाण्यासाठी परत फिरला नाही आणि फाटकातून "जातो" म्हणाला. मी टाइप करायची थांबले. आपल्याकडे घराबाहेर पडणारं माणूस असं म्हणतं का कधी? चुकून कुणाच्या तोंडून गेलं तर घरातली मागं बोलावून पुन्हा म्हणायला लावतात. मी सरळ "येतो" टाइप केलं.

प्रूफ परत आलं ते लाल पेन्सिलीनं "जातो" करून. मी पुन्हा "येतो" केलं. पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं. "टायपिस्टबाई, तुमच्या मशिनची काही अडचण आहे का?"

मला रडूच फुटलं. "सिस्टर, बबनला मारू नका."

"पेशंटच्या बायकोला विचारून कुणी मरत नसतं, बाई."

"अहो, पण तो दिलीप आहे!"

"तो बबन आहे. दिलीप तुझ्या घरी भाकरी खातोय. जा, त्याला वाढ."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दिलीप शिफ्टला निघाला की माझे कान फाटकाकडे. एकदा "येतो" जरा हळू आलं, तर मी धावत रस्त्यापर्यंत गेले. दिलीप वैतागला. "आगं, कागदावरचं हाय ते. तू काय माझं क्रियाकर्म मांडलंयस का?" मलाही ते कळत होतं. पण कळून भीती कुठं जाते?

आणि मग तो दिवस आला. फर्स्ट शिफ्ट होती. मी चटणी वाटत होते, मिक्सर चालू होता. दिलीप फाटकातून काहीतरी म्हणाला आणि माझ्या "या"ची वाट न बघताच गाडी गेली. तो काय म्हणाला, ते मला ऐकूच आलं नाही. दुपारी प्रूफ घेऊन सिस्टरकडे गेले, तर दारातच मोबाइल वाजला. गल्लीतल्या ग्रुपवर व्हिडिओ होता. कुरकुंभला कुठल्याशा कंपनीत स्फोट, वर काळाकुट्ट धूर. कंपनीचं नाव कुणालाच सांगता येत नव्हतं. दिलीपचा फोन लागेना. लागणार कसा? फोन गेटवर ठेवूनच आत जावं लागतं, हे मीच सिस्टरना सांगितलं होतं आणि त्यांनी ते बबनच्या तोंडी घातलं होतं.

मी मटकन खाली बसले. "सकाळी हे काय म्हणाले ते ऐकलंच नाही हो मी," एवढंच पुन्हा पुन्हा बोलत होते. सिस्टर माझ्याशेजारी फरशीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना खाली बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं, सवयीनं नाडीवर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघू लागल्या. पण त्या मोजत नव्हत्या.

"वारा कुठला आहे?" त्या एकदम म्हणाल्या आणि मला ओढत गच्चीवर घेऊन गेल्या. दोरीवर त्यांची पांढरी साडी वाळत होती. ती कुठल्या बाजूला फडफडते ते आम्ही दोघी बघत राहिलो. त्यावरून आम्हाला काय कळणार होतं, देव जाणे. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सिस्टर पुटपुटत होत्या, "आडवं निघ रे बाबा, आडवं निघ." बबनला म्हणत होत्या की दिलीपला, ते मी विचारलं नाही.

अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी बोलतोय. बरा हाय. आमच्यात न्हाई झालं, पलीकडच्या कंपनीत झालं. आमाला समद्यांना भाईर काढलंय. डबा आतच ऱ्हायला बघ."

मी रडत होते, हसत होते. सिस्टरनी माझ्या हातातून फोन घेतला. "दिलीप, सकाळी निघताना काय म्हणालास?"

"आँ? येतो म्हनलो की. रोजच म्हंतो."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि खाली जाऊन इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. मी आणलेल्या प्रुफात मी हट्टानं पुन्हा "येतो" केलं होतं. त्यावर त्यांनी लाल पेन्सिल चालवली नाही. "मी लिहिलं म्हणून झालं, असं वाटलं गं मला," त्या म्हणाल्या. "किती मरणं बघितली या हातांनी, पण अशी कधी भ्याले नव्हते." माणसं मारणाऱ्या सिस्टर माझ्यासारख्याच घाबरतात, हे त्या दिवशी मला कळलं आणि त्या मला फार जवळच्या वाटल्या.

बबन वाचला. शेवट फिका पडला, असं प्रकाशकानं कळवलं. सिस्टर म्हणाल्या, "पडू दे. जेवला ना पेशंट?" त्यानंतर त्यांनी कादंबरी लिहिली नाही.

पुढं तब्येत ढासळली आणि भाची त्यांना शिरूरला घेऊन गेली. मी न्हावऱ्यावरून एसटीनं भेटायला गेले. पलंगावर त्या अगदी एवढ्याशा झाल्या होत्या, पण गाऊनवर घड्याळ लावलेलं होतं. निघताना मी म्हटलं, "येते, सिस्टर."

"तू ये," त्या म्हणाल्या. "मी जाते."

"असं नाही म्हणायचं. येते म्हणा."

त्या हसल्या. "तू टाइप करशील तेव्हा बघ काय करायचं ते."

ती शेवटची भेट. शिरूरलाच त्यांना माती दिली.

आज हे टाइप करताना त्या शब्दापाशी बोट अडलं. लाल पेन्सिल आता नाही, "येते" केलं असतं तर कुणी बघणार नव्हतं. पण सिस्टर म्हणाल्या तेच ठेवलं आहे. दिलीप फर्स्ट शिफ्टला गेलाय. मी मिक्सर बंद ठेवला होता, त्याचं "येतो" स्पष्ट ऐकलं. तरी शिफ्ट सुटेपर्यंत भीती वाटतेच, आणि मनगट धरायला आता शेजारी कुणी नाही.