थर्मासभर हवामान

वॉशिंग्टन बिदेगाइनला कंजूष म्हणणारे लोक मूर्ख होते. तो शेजाऱ्याला शिडी द्यायचा, मेव्हण्याला गाडी द्यायचा, आणि गाडी पोचा पडून परत आली तरी हसायचा. फक्त हवामानाचं मॉडेल तो कुणाला देत नसे. मोंतेविदेओच्या हवामान कार्यालयात ते त्याने तरुणपणी बसवलं, आणि पुढे भर घालत घालत ते एवढं फुगलं की तो त्याला ‘जाडी’ म्हणू लागला. उद्या पाऊस की ऊन, वारा नदीकडून की रानाकडून, सगळं जाडी सांगायची. दरवेळी बरोबर सांगायची असं नाही. पण सांगायची.

विद्यापीठातले संशोधक दर वर्षी मागायला येत. मॉडेल द्या, त्याची आकडेवारी द्या, आम्ही अभ्यास करू. वॉशिंग्टन त्यांना खुर्ची देई, बिस्किटं देई, आणि रिकाम्या हाताने परत पाठवी.

“काय करतील ते तिचं?” तो बायकोला म्हणे. “उघडून बघतील. मग हे कशाला, ते कशाला. परक्या माणसाने येऊन तुझ्या स्वयंपाकघरातले डबे उघडले तर चालेल का तुला?”

नेलिदा शाळेत भूगोल शिकवायची आणि असल्या गोष्टींना तिच्याकडे वेळ नसे. “तुझ्या बहिणी येऊन तेच करतात,” ती म्हणे. “मी मेले का?”

त्या फेब्रुवारीत मात्र प्रकरण गळ्याशी आलं. कार्यालयाचं यंत्र म्हातारं झालं होतं. फेब्रुवारी म्हणजे तिकडे भर उन्हाळा, आणि त्यात ते इतकं तापे की वॉशिंग्टन त्याला पुठ्ठ्याने वारा घालत बसे. मंत्रालय नवं घेऊन देईना. कार्यालयाची प्रमुख ओफेलिया इरुरेता त्याच्याबरोबरच नोकरीला लागली होती, त्यामुळे तिला गोड बोलायची गरज वाटत नसे.

“ऐक वॉशिंग्टन, आणि मधे बोलू नकोस. विद्यापीठाकडे यंत्र आहे. जाडी तिथे चालली आणि आपल्यासारखेच आकडे आले, तर करार होणार. आकडेवारी आपण द्यायची, सॉफ्टवेअर आपण द्यायचं, ते चालवतील, सुधारतील. नाही जमलं तर जाडी बंद. परदेशातून तयार अंदाज विकत घ्यायचे.”

“बंद म्हणजे?”

“बंद म्हणजे बंद. पंख्याला बटण असतं ना, तसं.”

“अगं, पण एवढी वर्षं...”

“मधे बोलू नकोस म्हटलं ना! गुरुवारी मंत्रालयाचा माणूस विद्यापीठात बघायला येतोय. सोमवारच्या हवेवरून मंगळवारचा अंदाज दोन्हीकडे काढायचा. जुळला पाहिजे.”

वॉशिंग्टन त्या रात्री नीट जेवला नाही. दोनदाच वाढून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी जाडीला न्यायला आनाई लासार्ते आली. विद्यापीठातली संशोधक, दुरास्नो गावची, बोलायला फटकळ. तिने वही काढली, पण वॉशिंग्टनने हात हलवला. “लिहिण्यासारखं काही नाही. लक्ष दे. हिचे दोन भाग आहेत. पहिला आजची हवा गोळा करतो. प्रत्येक केंद्राचं तापमान, वारा, दाब. दुसरा त्यावरून उद्याची हवा काढतो. आधी पहिला सुरू करायचा. मग माते प्यायचं. थर्मास संपला की दुसरा सुरू करायचा.”

“एक थर्मास?”

“एक. लिटरचा. आणि पाणी उकळू द्यायचं नाही.”

“का, यंत्र बिघडतं?”

“माते बिघडतं.”

“ते मला कळतं हो, बिदेगाइन. मी दुरास्नोची आहे, चंद्रावरची नाही.”

कोणी परदेशी असता तर त्याने विचारलं असतं की थर्मास म्हणजे किती मिनिटं. आनाईच्या मनात तो प्रश्न आलाच नाही. या देशात माणूस काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात माते नावाच्या कडू पाल्याची तुंबी घेऊनच घराबाहेर पडतो. बसमध्ये नळीने तो काढा ओढतो, समुद्रावर ओढतो, नातलगाच्या मयतालाही ओढतो. दवाखान्यात किती वेळ लागेल असं विचारलं तर ‘अर्धा थर्मास’ असं उत्तर मिळतं आणि विचारणारा निमूट बसतो.

वॉशिंग्टनने मॉडेलच्या नकलेची आणि सोमवारच्या आकड्यांची डिस्क नेलिदाच्या विणलेल्या पिशवीत घातली आणि आनाईला बसपर्यंत सोडायला गेला. बस सुटल्यावरही तो तिथेच उभा होता. पानवाल्याने, म्हणजे कोपऱ्यावर सिगरेटी विकणाऱ्याने, विचारलं, “मुलगी का?” वॉशिंग्टन म्हणाला, “हो. पिशवीतली.”

मंगळवारी दुपारी आनाईचा फोन आला.

“बिदेगाइन, जाडीच्या मते आत्ता मोंतेविदेओत बर्फ पडतोय.”

वॉशिंग्टनने खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यात एक कुत्रं जीभ लोंबवून दुसऱ्या कुत्र्याच्या सावलीत बसलं होतं. त्याने स्वतः सदऱ्याची सगळी बटणं काढली होती.

“कुठे पडतोय?”

“सगळीकडे. किनाऱ्यावर वीतभर साचलाय.”

“काय खायला घातलंस तिला?”

“तुम्ही दिलेलीच आकडेवारी. पहिला भाग लावला, थर्मास संपवला, दुसरा लावला.”

“पूर्ण संपवला?”

“शेवटचा थेंब येईपर्यंत. नळी कशी बोंबलते ते ऐकवू का?”

बुधवारी तिने पुन्हा चालवून पाहिलं. या वेळी आर्तिगासमध्ये हिमवादळ आलं. आर्तिगास म्हणजे जिथे उन्हाळ्यात कोंबड्यासुद्धा अंडी द्यायला कंटाळतात. विद्यापीठात कोणीतरी यंत्राच्या गळ्यात लोकरी मफलर बांधला. प्राध्यापक लोक म्हणू लागले की जाडीबाईला भ्रम झालाय, वय झालं की होतं असं. हे वॉशिंग्टनच्या कानावर आलं. त्याच्या खोलीत तर तीच जाडी, त्याच सोमवारवरून, ‘लख्ख ऊन, उकाडा’ असं ठणकावून सांगत होती.

“तिकडे जाऊन बिथरली बिचारी,” तो घरी म्हणाला. “उद्या बंद करतील तिला.”

“मग जा ना उद्या तिकडे,” नेलिदा म्हणाली. “इथे बसून मला हिमालयासारखं तोंड दाखवू नकोस.”

गुरुवारी तो गेला. मंत्रालयाचा माणूस कोटात आला होता आणि भाजत होता. आनाई आणि तिचे पाच सहकारी यंत्राभोवती खुर्च्या मांडून बसले होते. वॉशिंग्टनला त्यांनी मागे बसवलं आणि कशालाही हात लावणार नाही असं कबूल करून घेतलं. आनाईने पहिला भाग सुरू केला आणि थर्मास उघडला.

तुंबी फिरू लागली. आनाईने भरली, शेजारच्याने ओढली, परत दिली. पुन्हा भरली, पलीकडच्याने ओढली. मंत्रालयाच्या माणसाने ओढली आणि कोट काढला. वॉशिंग्टनचीही पाळी आली. माते उत्तम होतं, पाणी मुळीच उकळलेलं नव्हतं, मुलगी नियमाने वागत होती. दुसरा फेरा, तिसरा फेरा. मग आनाईने थर्मास कानाशी धरून हलवला, बाजूला ठेवला आणि दुसरा भाग सुरू करायला हात पुढे केला.

“थांब!” वॉशिंग्टन इतक्या जोरात ओरडला की मंत्रालयाच्या माणसाने पुन्हा कोट घातला. “संपला?”

“संपला.”

“इतक्यात?”

“आठ तोंडं आहेत, बिदेगाइन. न संपून सांगतो कोणाला?”

वॉशिंग्टनने खोलीभर नजर फिरवली. तोंडं खरंच आठ होती. त्याच्या खोलीत एकच असे. त्याचा एक थर्मास जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरे. मधे बंदरातली जहाजं बघायची, मेव्हण्याला फोन लावायचा, यंत्राला वारा घालायचा, मग पुन्हा एक घोट.

“मी एकटा पितो,” तो म्हणाला.

आनाईने पडद्यावर पाहिलं. पहिला भाग अजून निम्म्या केंद्रांपर्यंतही पोचला नव्हता.

“म्हणजे दुसरा भाग अर्धवट हवाच उचलत होता,” ती हळूच म्हणाली. “आणि जी केंद्रं अजून भरली नाहीत, तिथे काय असतं?”

“शून्य.”

“शून्य अंश! तरीच बर्फ!” ती त्याच्याकडे वळली. “अहो, पण पहिला भाग संपेपर्यंत थांब, अशी एक ओळ मॉडेलमध्ये लिहायला काय झालं होतं?”

“कुणासाठी? मी थांबतच होतो की.”

“पाच मिनिटांत लिहिते मी.”

जाडीच्या आत आजवर दुसऱ्या कुणाचा हात गेला नव्हता. “त्याची काही गरज नाही,” वॉशिंग्टन घाईघाईने म्हणाला. “थर्मास पुन्हा भरा. मी इथे बसतो, एकटा पितो, तुम्ही सगळे बाहेर जाऊन थांबा.”

“मीसुद्धा?” मंत्रालयाचा माणूस म्हणाला.

“तुम्ही तर आधी.”

“आणि तुम्ही आजारी पडलात,” आनाई म्हणाली, “तर देशाचं हवामान कोणी प्यायचं?”

सगळे खो खो हसले. वॉशिंग्टन हसला नाही. त्याने नाक शिंकरलं आणि आपली खुर्ची ओढून आनाईच्या शेजारी आणली.

“लिही. पण माझ्यासमोर. आणि बाकी काही हलवायचं नाही.”

ती लिहीत होती तेव्हा तो न्हाव्याकडे पहिल्यांदा पोराला बसवलेल्या बापासारखा खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसला होता. “तिकडे नको... हां, तिथे... जपून गं बाई.” ओळ बसली. पहिला भाग पुन्हा सुरू झाला. या वेळी कोणी काही प्यायलं नाही. नुसते एकमेकांची तोंडं बघत बसले, आणि मंत्रालयाचा माणूस खुर्चीतच घोरू लागला. पहिला संपला आणि दुसरा आपसूक सुरू झाला, कोणी बोट न लावता. वॉशिंग्टनला ते जरा उद्धटपणाचं वाटलं.

अंदाज बाहेर आला. मंगळवार: लख्ख ऊन, उकाडा, संध्याकाळी कोरडं. त्याने खिशातून आपले आकडे काढून शेजारी धरले. केंद्रामागून केंद्र, एकूण एक आकडा तोच.

“पण मंगळवारी संध्याकाळी पाऊस झाला,” जागा झालेला मंत्रालयाचा माणूस म्हणाला. “मी भिजलो. माझ्या बायकोचे धुतलेले कपडे भिजले.”

“झाला ना,” आनाई म्हणाली. “पण दोन्हीकडे सारखंच चुकलंय. म्हणजे जुळलं.”

त्याने थोडा विचार केला, कागदावर जुळलं असंच विचारलं होतं हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने सही केली. जाडी वाचली.

सहकारी पांगले तरी वॉशिंग्टन उठेना. त्याने पडद्यावर नदीचं मुख होतं तिथे बोट ठेवलं.

“पाऊस इथून निसटतो. वारा नदीवरून आत येतो ना, तिथे माझं काहीतरी चुकलंय. फार दिवसांचा संशय आहे. पण विचारणार कुणाला?”

आनाईने खुर्ची पुढे घेतली. “दाखवा, कुठल्या ओळीत आहे ते.”

दारात मंत्रालयाचा माणूस घुटमळत होता. “मग आज काय? छत्री विकत घेऊ का?”

“घ्या,” वॉशिंग्टन म्हणाला.

“काही नको,” आनाई म्हणाली.