खाकरबाईचा स्वच्छ आवाज

स्टेशनवर रोज येणाऱ्या लोकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण नाव मात्र ठेवलं होतं: खाकरबाई. गाड्यांच्या वेळा सांगणारी ही बाई तिकीटघराच्या माडीवर, काचांना कागद चिकटवलेल्या खोलीत बसायची. आवाज गोड आणि ठाम. पण गाडीचा पत्ताच नसताना 'थोड्याच वेळात येत आहे' असं सांगायचा वरून हुकूम आला, की ती आधी घसा खाकरायची. मुद्दाम नव्हे. खोटं तिच्या घशात अडकायचंच. लोकांना हे पाठ झालं होतं. ती खाकरली, की ते खुशाल चहाला जायचे.

घरी तर याची कायमची थट्टा. साखर कोणी खाल्ली असं आईने विचारलं, की ताईने तोंड उघडायच्या आत धाकटी बहीण सांगून टाकायची, ताई खाकरली म्हणून. पुढे धाकटीचं लग्न झालं, ती नदीपलीकडे गिरणीच्या वस्तीत राहायला गेली, दोन मुलांची आई झाली. तरी फोनवर ताईने 'मी मजेत आहे' म्हटलं, की ही आधी कान देऊन घशाचा अंदाज घ्यायची आणि मगच विश्वास ठेवायची.

मग लढाई शहराच्या वेशीवर आली. शत्रू कोण होता ते सोडा, या गोष्टीत त्याला फारसं काम नाही. आपल्याच सैन्याने गिरणीच्या आवारात तोफा आणून ठेवल्या. वस्तीतल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं आणि ते गाठोडी बांधू लागले. सरकारला नेमकं तेच नको होतं. फोन बंद झाले, पुलावर पहारा बसला. पण वस्तीमागच्या शेतवाटा अडवायला माणसं नव्हती. म्हणून खाकरबाईला बोलावणं आलं.

साहेब सभ्य होता. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग कागद पुढे केला. गिरणीच्या वस्तीला धोका नाही, तोफा हलवल्या आहेत, नागरिकांनी घरातच थांबावं. तिने विचारलं, खरंच हलवल्या का? नाही, साहेब म्हणाला, आणि पोराला गणित समजवावं तसं त्याने तिला समजावलं. घरं भरलेली असली की शत्रू गोळे टाकताना दहादा विचार करतो. रिकाम्या घरांसाठी कोण विचार करतो?

तिने हात जोडले. माझी बहीण तिथे आहे, तिला मुलांसकट बाहेर काढा, मग सांगाल ते बोलते.

"तुमची बहीण निघाली की शेजारीण निघेल," साहेब शांतपणे म्हणाला. "मग थांबेल कोण?"

नसेल जमत तर दुसरी कोणी वाचेल, असंही तो म्हणाला. दुसरी खाकरणार नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि ती तयार झाली. ध्वनियंत्रवाल्याने आवाज टिपायचं यंत्र सुरू केलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती मुद्दाम खाकरली, चांगली घसा साफ करून. साहेबाचं लक्षही नव्हतं. बिचारी घरी आली ती जग जिंकल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे कर्णे लावलेली गाडी फिरू लागली. ही पुलाच्या अलीकडच्या टोकाला कान लावून उभी. आवाज आला तो थेट 'गिरणीच्या वस्तीला' इथूनच. ती धावत ध्वनियंत्रवाल्याकडे गेली. तो कामाला चोख, चष्मा पुसत अभिमानाने म्हणाला, "सुरुवातीला खाकरणं आलं होतं बाई, मी काढून टाकलं. बघा, कसा स्वच्छ झालाय आवाज."

पहारेकऱ्यांच्या ती पाया पडली. त्यांनी तिला पुलावरून हाकललं. संध्याकाळी गोळे पडले. शत्रूने दहादा सोडा, एकदाही विचार केला नाही.

बहिणीचा नवरा तेवढा वाचला. हाताला फडकं गुंडाळून तो माडीवर आला आणि दारातच बसला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"गाठोडं घेऊन दारात उभी होती, ताई," तो म्हणाला. "मुलांना चपला घालून झाल्या होत्या. तुमचा आवाज आला. म्हणाली, ताई खाकरली नाही, म्हणजे खरंच आहे. आणि मुलांच्या चपला काढल्या."

ती इतकी रडली, की घसा पार बसला. काही दिवसांनी स्टेशनमागच्या वीटभट्टीत तोफा आल्या आणि भट्टीलगतच्या वस्तीतही गाडीवरून तिचाच आवाज फिरू लागला, गोड, ठाम, स्वच्छ. घोषणेतलं वस्तीचं नाव तेवढं कोणीतरी बदललं होतं. ती गाडीमागे धावली. खोटं आहे, तो माझाच आवाज आहे, निघा इथून, असं जीव तोडून सांगू लागली. घशातून नुसती घरघर निघाली.

कडेवर मूल आणि हातात गाठोडं घेतलेली एक बाई तिच्याकडे वळली.

"जरा गप्प बसा हो," ती म्हणाली. "खाकरबाई काय सांगतेय ते ऐकू द्या."

तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि गाठोडं घेऊन परत घरात गेली.