समजलं तर सांगून दाखव

सुजाताताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्याच फळ्यासमोर उभी होते. रविवारची सकाळ, समोर अकरा पोरी... तिचा भाऊ एवढंच बोलला, "ताई गेली गं." त्याला आता महिना होऊन गेला. या महिन्यात लोक येतात, "तुझं दुःख समजतं आम्हाला" म्हणतात, चहा पितात आणि जातात. मला राग येतो. ताई असती तर तिनं एकेकाला उभं करून विचारलं असतं, काय समजलं ते सांगा बरं!

हैदराबादेत स्पॅनिश शिकून ती उदगीरला परत आली आणि एका भुसार दुकानाच्या माडीवर राहू लागली, तिथंच तिनं वर्ग काढला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. आमच्याकडेही टँकर आला की वर्ग सुटायचा, घागरी भरून पोरी पुन्हा माडी चढायच्या. उदगीर जिल्हा होणार, ही चर्चा तेव्हाही नेहमीसारखीच जोरात होती. खालचा दुकानदार चिडवायचा, "बाई, आधी जिल्हा तर होऊ द्या, मग परदेशी बोला." ताई वरून ओरडायची, "तुमचा जिल्हा व्हायच्या आत माझ्या पोरी बोलायला लागतील, बघाच!" जिल्हा अजून झालेला नाही. पोरी बोलतात.

मी देवणीहून एसटीनं यायचे. पहिल्या दिवशी वाटलं, 'माझं नाव अमुक' असं काहीतरी शिकवील. तिनं शिकवलं, "नो एन्तिएन्दो". मला समजत नाही. तेही मान वर करून, खणखणीत आवाजात. आम्हाला शाळेपासून मान डोलवायची सवय, सरांनी "समजलं?" विचारायचं, वर्गानं "हाव" म्हणायचं, विषय संपला. ताईच्या वर्गात "एन्तिएन्दो", म्हणजे समजलं, असं म्हणणारीनं फळ्यापाशी जाऊन ते आपल्या शब्दांत सांगायचं, हा नियम. मी त्याच दिवशी तोऱ्यात "एन्तिएन्दो" म्हणाले आणि फळ्यापाशी तोंड शिवल्यासारखी उभी राहिले. पोरी खिदळल्या. ताई हसली नाही. "आपल्या आज्यानं, बापानं लई माना डोलवल्या," ती म्हणाली. "न समजलेल्या कागदांवर अंगठे दिले. तू डोलवू नको."

गेल्या वर्षी ताईच्या पोटात गाठ निघाली. लातूरच्या दवाखान्यात मीही सोबत होते; डॉक्टर भरभर, अर्धं इंग्रजीत बोलत होते आणि तिचा भाऊ "हाव साहेब, हाव साहेब" करत होता. ताई पलंगावर उठून बसली. "मला नाही समजलं. सावकाश सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा डॉक्टर खुर्ची ओढून बसले, कागदावर पोटाचं चित्र काढलं. मग ती म्हणाली, "आता बरोबर हाय का बघा. उपचार घेतले तर थोडे महिने वाढतील, पण ते बहुतेक या पलंगावरच जातील. नाही घेतले तर दिवस कमी, पण माझ्या माडीवर." डॉक्टर "हो" म्हणाले. "मग मी चालले उदगीरला."

मी गाडीत भांडले, माडीवर येऊन रडले, हातापाया पडले. महिने कुणी असे सोडून देतं का? ती समजावत राहिली... शेवटी तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "हाव ताई, समजलं."

"मग सांगून दाखव."

मी खडू उचलला, फळ्यापाशी गेले आणि तो तसाच खाली ठेवला.

"न्हाई ना? मग खोटं बोलू नको. भांड माझ्याशी."

त्यानंतर आम्ही शेवटपर्यंत भांडलो. ती खाटेवर बसून वर्ग घ्यायची, मी फळ्यावर लिहायचे आणि पोरी गेल्या की पुन्हा तोच वाद. तिच्या आवाजातला दरारा गेला नाही आणि माझा हट्टही. शेवटचे दोनच दिवस भाऊ तिला त्याच्या घरी घेऊन गेला होता.

आता वर्ग मीच घेते. खाट तिथंच आहे; पोरी तिच्यावर बसायला कचरतात, मी मुद्दाम बसवते. मागच्या रविवारी एका नव्या पोरीनं भर वर्गात विचारलं, "म्याडम, ताईंनी उपचार का न्हाई घेतले?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांचे चेहरे सांगत होते की मी जे काही सांगीन ते त्या ऐकून घेतील. धीराचं चार वाक्यांचं उत्तर माझ्या ओठांवर आलंही होतं... मी ते गिळलं, मान वर केली आणि म्हणाले, "नो एन्तिएन्दो. मला अजून नाही समजलं."

एकाही पोरीनं मान डोलवली नाही.