बहार धरणारा कडुबा

शेंद्र्याच्या आसपास कुणाला मोसंबीचा बहार धरायचा असला, की कडुबाला निरोप जायचा. माणूस साठी उलटलेला आणि जिभेनं तिखट. डिसेंबर लागला की तो बागेचं पाणी तोडायला लावी, त्यालाच ताण देणं म्हणतात. "झाडाचं पोट भरलेलं असलं की ते नुसती पानं काढीत बसतं. तहानलं की त्याला फूल सुचतं," हे त्याचं शास्त्र.

यंदा मुख्तारनं त्याला बोलावलं. दोन वर्षं बाग फुललीच नव्हती. मुख्तार कंपनीत शिफ्टला जाई, बाग बघायची त्याच्या आईनं, सगीराबीनं. "यंदाबी फूल नाय आलं तर सरळ जेसीबी लावतो," मुख्तार म्हणाला.  दीडशे झाडं सगीराबीनं स्वतः लावलेली.

पाणी तुटलं. तीन आठवड्यांत झाडं पिवळी पडली, पानं गळायला लागली. सगीराबीला ते बघवेना. ती गुपचूप दारापुढच्या ओळीला रोज हंडा-हंडा पाणी घालू लागली.

कडुबानं येऊन माती चिमटीत दाबली. "ह्ये पाणी कुणी पाजलं?"

"पाऊस झाला असंल, कडुबाभाऊ."

"एकाच ओळीवर? सगीराबी, अशानं जेसीबी तुम्हीच बोलावताय."

सगीराबी भडकली. "मुक्या जिवाला तहानलेलं ठेवायचं! काळीज हाय का दगड?"

एरवी कुणाचं ऐकून न घेणारा कडुबा त्या दिवशी चहा न घेताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या घरी गेली. रुसवा काढायचा आणि तेवढी एक ओळ सोडून द्या म्हणायचं, असा बेत. अंगणात लिंबाचं झाड, हिरवंगार, नजर लागावी असं. कडुबा त्याला बादलीनं पाणी घालत होता.

"लिंबं लई लागत असतील."

"नऊ वर्षांत एकबी नाय. फूलच नाय." कडुबानं मान खाली घातली. "कारभारणीनं, मुक्ताबाईनं, जायच्या आधी लावलेलं. लोकांच्या बागांना ताण देतो मी, पण हिचं झाड सुकलेलं नाय बघवत."

सगीराबी जे मागायला आली होती ते तिनं मागितलंच नाही. घरी येऊन तिनं हंडा पालथा घातला.

जानेवारीत कडुबानं स्वतः पाणी सोडलं. वीसेक दिवसांत बाग पांढऱ्या फुलांनी भरली, वास पार रस्त्यापर्यंत. शिफ्टवरून आलेला मुख्तार डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून बघत राहिला. दारापुढच्या ओळीला तेवढी पानंच पानं. जेसीबीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. सगीराबीला रडू आलं, तिनं ते लपवलंही नाही.

मग ती तडक कडुबाकडं गेली आणि त्याच्या हातातली बादली तिनं धरली.

"ही मी नेते."

"अहो, आत्ता कुठं? याला ताण एप्रिलात द्यायचा, म्हंजी मृगात फुलंल."

"एप्रिलात तुमच्यानं व्हईल व्हय? तवर पाणी मी घालीन, अन् बंदबी मीच करीन. मुक्ताबाईनं लिंबांसाठी लावलं व्हतं, पानांसाठी नाय."

कडुबानं बादलीची कडी घट्ट धरून ठेवली होती. बऱ्याच वेळानं त्यानं ती सोडली.

"रोज या मग," तो म्हणाला.