कॅलेंडरच्या पाठीवरचे फर्मे

आपल्याला काय हवं आहे ते रोज डोळ्यांपुढे दिसलं पाहिजे, असं आमच्या ऑफिसात पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकांनी सांगितलं, तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. तुला काय हवंय, हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. शिक्षण, नोकरी, लग्न, शिवाजी पेठेतल्या माडीवरच्या या तीन खोल्या, सगळं पुढ्यात आलं तसं घेत गेलो. त्या दुपारी माझे डोळे भरून आले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

पद्धत सोपी होती. जुन्या मासिकांतली आवडतील ती चित्रं कापायची, पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि पुठ्ठा रोज नजरेस पडेल असा टांगायचा. याला व्हिजन बोर्ड म्हणतात. ‘फार डोकं लावू नका, हात जिकडं जाईल ते चित्र घ्या,’ असं ते म्हणाले होते.

आमच्याकडे मासिकं येत नाहीत. पण दिवाणाच्या पोटात मोठ्या कॅलेंडरांचा गठ्ठा होता. टायरवाले, खतवाले नव्या वर्षाला देतात तसली गुळगुळीत, जाड कागदाची कॅलेंडरं. बायको ती माहेराहून, कागलहूनसुद्धा मागून आणायची. का आणायची, हे मला ठाऊक होतं असं म्हणावं लागेल. ती घरी ब्लाउज शिवते. दसऱ्यानंतर बायकांसाठी शिवणाची शिकवणी सुरू करायची, असं तिनं मला दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मी मोबाइलमधून मान वर न करता ‘बरं’ म्हणालो होतो.

एका रविवारी ती कागलला लग्नाला गेली होती. मी गठ्ठा काढून बसलो. तळ्याकाठचं लाल छपराचं घर, लाकडी जिना, पुस्तकांची खोली, बर्फाचा डोंगर. पहिलं पान उलटं केलं तेव्हा पाठीवर पेन्सिलीच्या रेघा, गोलाई आणि आकडे दिसले. मला ते दिसले, हे महत्त्वाचं आहे. जुनं काहीतरी आखलेलं असेल, असं मनाशी म्हणून मी कात्री चालवली. सात चित्रं झाली, ती पुठ्ठ्यावर चिकटवून बोर्ड भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. उरलेल्या पट्ट्या आणि न आवडलेली पानं मी रद्दीच्या पिशवीत कोंबली. दुपारी रद्दीवाला आला, तेव्हा आईनं नेहमीसारखी ती पिशवी त्याच्या हातात दिली. आत काय होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी बायकोनं दिवाण उघडला. मी बोर्डाखालीच जेवत होतो. तिला त्या कागदांची पाठच ओळखीची होती, चित्रं नव्हे.

“आत्ती, हितला कॅलेंडरांचा गठ्ठा कुठं गेला?”

“कंचा गठ्ठा?” आईनं विचारलं.

“पाठीमागं आखलेला. ब्लाउजचे फर्मे हायत त्यात माझे. अठ्ठावीसपासनं चव्वेचाळीसपर्यंत, सगळ्या मापांचे. दोन वर्षं आखालोय मी.” मग माझ्याकडे वळून, “अवो, तुम्ही बघितलासा काय?”

“न्हाय,” मी म्हणालो.

एवढंच. फार विचार करून बोललेलं खोटं नव्हतं ते. घास तोंडात होता, तसाच शब्द बाहेर पडला. पण त्यानंतर तो परत घ्यायला मला पाच आठवडे होते आणि मी तो घेतला नाही.

“रविवारी रद्दी दिलीसा न्हवं?” बायकोनं आईला विचारलं.

“दिली की. पर पेपरच दिलं मी.” आई थांबली. “पेपरच हुतं का आणि काय हुतं? बघितलं न्हाय बाई.”

बायको रडली नाही, ओरडलीही नाही. दिवाणाची फळी खाली टाकून मशीनवर जाऊन बसली. आई मात्र उभ्या जागी हात चोळत राहिली.

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. नेसरीकडच्या आमच्या भावकीतली चार पिढ्यांची लग्नं तिला तोंडपाठ. कुणाच्या वरातीत बैल बुजला, कुठल्या पंगतीत आमटी कमी पडली, सगळं. लोक फोन करून तिला नाती विचारायचे. त्या दिवसापासून ती आपल्या डोक्यावरचा विश्वास गमावत गेली. ‘कुलूप लावलं काय मी? बघून ये जरा.’ ‘गोळी घेतली काय रं मी?’ घेतलेली असायची. कुणाचा फोन आला तर म्हणायची, “दुसऱ्या कुणाला तरी इचारा पावणं. मला आता धड आठवंना झालंय.” देवळात एकटी जायची, तेही तिनं बंद केलं.

मी रोज सकाळी पाच मिनिटं बोर्डापुढे उभा राहत होतो. सांगितलंच होतं तसं. त्या लाल छपराच्या घरात आईला खालची खोली द्यायची, तिला जिना नको, इतका बारीक विचार मी करत होतो. आणि त्याच वेळी पाठीमागून तिचा आवाज यायचा, “दूध तापवलं काय गं मी?” मी डोळे मिटून घ्यायचो. बोर्ड उतरवता आला असता. पण तो उतरवला तर का उतरवला, हे सांगावं लागलं असतं. शिवाय, खरं सांगायचं तर, तो मला आवडत होता.

बायकोचा राग केव्हाच गेला होता. तिला आता काळजी लागली होती. “अवो, आत्तींचं काय खरं न्हाय. विसरायच्या आजाराचं एक डॉक्टर हायत, त्यास्नी दाखवूया,” असं म्हणून तिनं मंगळवारची वेळ घेतली. मी रजा टाकली. तिथवरही मी गेलो.

मंगळवारी सकाळी आई ठेवणीतलं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत दवाखान्याचे जुने कागद. बायको तिची वेणी घालत होती. आई हळू आवाजात तिला म्हणाली, “डॉक्टरनं नावं इचारली आणि चुकलो, तर तू सांग हं.” आणि ती ओठातल्या ओठात नातवंडांची नावं घोकू लागली.

मला ते ऐकवेना. “आई, तू दिलं नाहीस रद्दीत,” मी म्हणालो. “फर्मे मी कापले. उरलेलं मीच पिशवीत घातलं होतं.”

बायकोचा हात वेणीत थांबला. आईनं मात्र माझ्याकडे मायेनं बघितलं.

“मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस व्हय? राहू दे रं. वयच हाय माझं.”

सगळ्या खोटेपणात कधी वाटली नव्हती एवढी लाज खरं बोलल्यावर तिनं विश्वास ठेवला नाही तेव्हा वाटली. मी बोर्ड खिळ्यावरून काढला आणि लाल छपराचं घर कोपऱ्यातून उचकटलं. डिंक कडेलाच लावला होता, त्यामुळे चित्र बरंचसं अखंड निघालं. उलटं करून तिच्या मांडीवर ठेवलं. अर्ध्या बाहीची गोलाई आणि बायकोच्या अक्षरात ‘३६’.

बायकोनं वाकून बघितलं. “माझंच हाय,” एवढंच ती म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

आईनं चष्मा नीट केला. त्या रेघेवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग मान वर केली.

“म्हंजे एवढं दिवस तू बघत हुतास व्हय रं, माझ्याकडं?”

“व्हय,” मी म्हणालो.

बायकोनं वेणी पुरी केली, शेंडा बांधला. खाली रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मी जिन्याकडे वळलो, पण बायको आधीच गॅलरीत जाऊन वाकली होती.

“पावणं, जावा तुम्ही,” तिनं वरूनच ओरडून सांगितलं. “हितं कुणी आजारी न्हाय.”