बायकोने नापास केलेल्या कुकीज

आमच्या घरात कुकीज दोनच प्रकारच्या असतात, पास आणि नापास. पास झालेल्या शेजारी आणि भाचरांकडे जातात. नापास झालेल्या माझ्याकडे येतात. माझं वजन कशाने वाढलं हे डॉक्टरांनी सांगायची मला गरज नाही.

माझी बायको पाककृती तपासते. म्हणजे एखादं बेकिंगचं पुस्तक छापायला जाण्याआधी प्रकाशक त्याची पानं हिच्याकडे पाठवतो आणि ही त्यात लिहिलंय तस्संच करून बघते. कुकी जमली तर पानावर पेन्सिलने बरोबरची खूण. नाही जमली तर फुली, आणि फुलीखाली कारण. असलं काम असतं हे लोकांना खरंच वाटत नाही. मी चष्म्याच्या दुकानात बसतो. गिऱ्हाईक विचारतं, "वहिनी काय करतात?" मी सांगतो. ते म्हणतं, "म्हणजे घरीच असतात." मग मी त्याला सगळ्यात खालची बारीक ओळ वाचायला लावतो.

मुळात ही त्याच प्रकाशनगृहात मुद्रितशोधक होती. एकदा कुठल्याशा पुस्तकात "आता उरलेली साखर घाला" असं वाक्य आलं. ऱ्हस्वदीर्घ सगळं चोख, पण साखर तर वरच्याच ओळीत सगळी घालून झाली होती, मग उरली कुठून? हिने विचारलं, तर साहेब म्हणाले, बाई, तुम्ही वेलांट्या बघा. ही घरी आली, पुस्तकात होतं तसंच सगळं करून त्या कुकीज भाजल्या आणि दुसऱ्या दिवशी डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी एक तोंडात टाकली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, कारण दाढा चिकटल्या होत्या. तेव्हापासून बेकिंगची पुस्तकं हिच्याकडे येऊ लागली. ऑफिसात हिला पाठीमागे 'चाळणी' म्हणतात. हिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही.

पानं हातात आली की ही लगेच ओव्हनकडे धावत नाही. आधी खुर्चीत बसून वाचते, आणि वाचताना तोंडातल्या तोंडात भांडते. मैदा वाटीने मोजायला सांगितलाय, पण वाटी केवढी? दाबून भरायची की सैल? बटर 'मऊ' म्हणजे बोट रुतेल इतकं, की वितळायला आलेलं? लिंबाएवढे वीस गोळे करायला सांगितलेत, पण एवढ्या पिठात तेवढी लिंबं बसतात तरी का? नुसतं "बारा मिनिटं भाजा" लिहून लेखक मोकळा झालाय, की कडा सोनेरी आणि मधला भाग जरा मऊ दिसेल हेही सांगितलंय? मिनिटांवर हिचा काडीचा विश्वास नाही. प्रत्येक ओव्हनचं डोकं वेगळं असतं म्हणते. आमचा म्हणे माझ्यावर गेलाय, लवकर तापतो आणि एकाच कोपऱ्यात.

वाचून झालं की मग करायला घेते, आणि तिथे तिचा एक नियम आहे. स्वतःची अक्कल वापरायची नाही. चुकतंय हे डोळ्यांना दिसत असलं तरी हात आवरायचा.

"अगं, दिसतंय ना सैल झालंय? घाल की चमचाभर मैदा," मी एकदा न राहवून म्हणालो.

"मी घालीन हो. ती बाई कशी घालेल?"

ती बाई म्हणजे हिने मनात धरलेली वाचक. दिवसभराच्या कामाने दमलेली, आयुष्यात पहिल्यांदा ओव्हन लावणारी, छापलंय म्हणजे खरंच असणार असं मानणारी. कुकीज बिघडल्या तर ती पुस्तकाला नावं ठेवणार नाही, आपल्यालाच काही जमत नाही असं म्हणेल आणि परत त्या वाटेला जाणार नाही. त्या बाईसाठी माझी बायको जिवाचं रान करते. माझ्यासाठी इतकं केलेलं आठवत नाही, पण ते असो.

आता ताईविषयी सांगायला हवं. ताई म्हणजे हिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिला ताईनेच वाढवलं. वेण्या ताईने घातल्या, शाळेत पालक म्हणून ताई गेली, आणि ओव्हनचं दार कधी उघडायचं नाही हेही ताईनेच शिकवलं. ताई घरून कुकीज करून विकते, आणि तिच्या कुकीजना नाव ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय. प्रकाशनगृहातल्या संपादकबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. त्याच मागे लागल्या, म्हणून ताई पुस्तक लिहायला बसली. वर्षभर तिला दुसरं काही सुचलं नाही. आपलं नाव छापलेलं बघायचं हे तिच्या मनात फार जुनं होतं.

पुस्तक तयार झालं तसा संपादकबाईंचा फोन आला. "बहिणीचं पुस्तक आहे, तुम्हाला अवघड जाईल. दुसऱ्या कुणाकडे देऊ का?"

"माझ्याहून कडक कुणी असेल तर द्या," ही म्हणाली, आणि पानं घरी आली.

पहिलंच प्रकरण कुकीजचं, आणि त्यात पहिली साधी बटर कुकी. पुढच्या सगळ्या कुकीज तिच्याच लेकी, कुणात बदाम, कुणात चॉकलेट. वाचताना हिचा चेहरा खुलला होता. सगळं वजनात दिलेलं, खुणा सांगितलेल्या, भाषा ताईसारखीच लाघवी. मग हिने पीठ केलं, गोळे मांडले, ट्रे आत सारला. ट्रे बाहेर काढला तेव्हा त्यावर एकच कुकी होती, ट्रेएवढी. गोळे पसरून एकमेकांच्या गळ्यात पडले होते.

हिने बटर नवीन आणलं, ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर तपासला, वजनकाटा तपासला आणि पुन्हा केल्या. पुन्हा तेच.

"ताईच्या कुकीज आपण आजवर खातोय की," मी म्हणालो. "तिच्या कधी पसरतात का? डोळे मिटून खूण कर आणि मोकळी हो."

"ताईच्या हातच्या चांगल्याच होतात, अहो. पण पुस्तकाबरोबर ताईचा हात देता येणार नाही ना."

तिने फुली मारली. खाली लिहिलं, "पसरतात. कारण कळलं नाही." कारण न कळता मारलेली ही तिची पहिली फुली, आणि ती सख्ख्या बहिणीच्या पानावर.

ताईला अर्थातच झोंबलं. तरी तिने शब्द न काढता मैदा वाढवून पान परत पाठवलं. हिने त्याप्रमाणे केल्या. या खेपेला पसरल्या नाहीत, पण फळ्यावर लिहिता आलं असतं इतक्या कोरड्या आणि कडक झाल्या. मी चहात बुडवून खाल्ल्या, तर चहा संपला आणि कुकी तशीच. दुसरी फुली. संपादकबाईंनी कळवलं की हे पान पास झाल्याशिवाय पुस्तक छापायला जाणार नाही, कारण सगळं प्रकरण त्या एका कुकीवर उभं आहे.

त्यानंतर ताईने फोन करणं बंद केलं. एरवी दर दोनचार दिवसांनी दुपारी तिचा फोन यायचा, आणि एकदा आला की दोघी बहिणी जगाचा निकाल लावूनच उठायच्या. मी त्या फोनवरून पुष्कळ कुरकुर केली आहे. आता फोन वाजेना, तर मलाच घर खायला उठलं. ही कामं नीट करायची, पण जेवताना भात चिवडत बसायची. एक दिवस म्हणाली, "ताई माझ्याशी बोललीच नाही तर मी काय करू?"

"मग दे ना पास करून. एक खूण तर करायचीय."

"आणि त्या बाईला काय सांगू?"

मी बायकोला आजवर खूप चिडवलंय, पण त्या दिवशी मान खाली घालून जेवलो. जिने आईची माया दिली तिच्यासाठीसुद्धा ही खोटी खूण करत नव्हती, आणि त्यासाठी रोज रडवेली होत होती. मला तिचा अभिमान वाटला. तिला तसं सांगायला हवं होतं, पण आमच्या घरात असं तोंडावर सांगायची पद्धत मी पाडलेली नाही.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात ताई, हातात डबा. आत येऊन तिने तो टेबलावर आपटला आणि झाकण काढलं. आत चपट्या, एकमेकींना चिकटलेल्या कुकीज.

"बघ. माझं घर, माझा ओव्हन, माझं प्रमाण. तुला दाखवायला म्हणून केल्या. आजवर माझ्या कुकीज अशा झाल्या नव्हत्या." ताईचा आवाज चढला होता, आणि मग एकदम बसला. "माझा हातच गेला गं."

ताईला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. हिने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "इथे कर. माझ्यासमोर. मी काही बोलणार नाही, नुसती बघेन."

ताईने पदर खोचला. बटर आणि साखर फेटली, मैदा घातला, हलक्या हाताने गोळा केला. ही स्टुलावर बसून तिच्या हातांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. पीठ झालं, ताईने हात पुसले, भांड्यावर झाकण ठेवलं आणि भांडं फ्रिजमध्ये सारलं.

"ते आत का ठेवलंस?" हिने विचारलं.

"काय? अगं, मांजर तोंड घालतं."

"आमच्याकडे मांजर कुठंय?"

"सवय गं. मी फोनवर बोलत बसते, तेवढ्यात ते मेलं ओट्यावर..." ताई बोलता बोलता थांबली.

"फोनवर कुणाशी?"

"कुणाशी म्हणजे? तुझ्याशीच."

दोघींनी एकदम फ्रिजकडे बघितलं. मलाही हळूहळू उजेड पडला. पीठ झालं की ताई हिला फोन करायची. मांजराच्या भीतीने भांडं फ्रिजमध्ये जायचं. दोघींच्या गप्पा होईपर्यंत बटर घट्ट व्हायचं, मैदा मुरायचा, आणि मग भाजलेली कुकी पसरायची नाही. ताईच्या लेखी ती पाककृतीतली पायरी नव्हतीच, तो फोन होता. तो पुस्तकात कोण लिहील?

"आणि या खेपेला?" ही म्हणाली.

"या खेपेला कुठला फोन? रागात होते. सरळ भाजायला घातल्या."

ही उठली, दुसरं स्टूल ओढून ताईसमोर ठेवलं. "बस. बोल आता." आणि दोघी बोलायला लागल्या. राहिलेलं सगळं त्यांनी त्या बैठकीत भरून काढलं, त्यात माझीही यथेच्छ निंदा झाली. पीठ बाहेर काढलं तेव्हा दगडासारखं नाही, पण चांगलं घट्ट होतं. कुकीज आल्या त्या ताईच्या कुकीज, कडेला सोनेरी, मधे जाड. ताईने पहिली उचलली आणि नुसती हातात धरून उभी राहिली.

ताईने पान नव्याने लिहिलं. "पीठ झालं की भांडं फ्रिजमध्ये ठेवावं आणि बहिणीला फोन करावा." संपादकबाई खूश. असं गोड वाक्य पुस्तकात दुसरं नाही म्हणाल्या. हिने त्यावर फुली मारली.

"अगं, आता काय चुकलं?" ताई वैतागली.

"सगळ्यांना बहीण नसते. आणि असली तरी ती किती वेळ बोलेल याचा नेम नाही." हिने खाली लिहिलं, भांडं झाकून फ्रिजमध्ये पाऊण तास ठेवावं, बोटाने दाबल्यावर पीठ घट्ट लागलं पाहिजे. मग ताईला घरी पाठवून दिलं, फोन बंद केला, आणि लिहिलंय तेवढंच करून एकटीने कुकीज भाजल्या. जमल्या. तेव्हा कुठे खूण झाली. त्या कुकीज पास होत्या, म्हणून मला एकच मिळाली.

पुस्तक आलं तेव्हा एका दुकानात छोटासा कार्यक्रम झाला. ताई नवी साडी नेसून पुढे बसली होती, आम्ही दोघं मागच्या रांगेत. बोलणं झाल्यावर एका गृहस्थांनी पुस्तक उघडून फोटो दाखवला आणि विचारलं, "या तुमच्याकडे अशा होतात, हे ठीक. आमच्या घरी होतील कशावरून?"

ताईने हात वर करून मागच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"ती माझी धाकटी बहीण. मी वाढवलंय तिला. तिने मला दोनदा नापास केलं. तिने पास केल्यावरच हे पुस्तक छापलंय, म्हणून होतील."

सगळ्या माना मागे वळल्या. माझी छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटली, आणि लोकांसमोर, पहिल्यांदाच, मी हिचा हात हातात घेतला. ही डोळे पुसत माझ्या कानाशी झुकली.

"तीनदा," म्हणाली.