कापसाचा बोळा

आईच्या दुखऱ्या कानात थेंब घालून कापसाचा बोळा लावला, की बोटांना औषधाचा वास राहतो. मग दिवसभराच्या कामाने शिणलेली मी पुन्हा सात वर्षांची होते.

तेव्हा माझ्या कानाच्या पडद्यांमागे पाणी साठलं होतं. सोलापुरातल्या आमच्या घरातच यंत्रमाग होते. त्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे मला कमी ऐकू येतं हे शाळेतल्या बाईंनाच आधी कळलं. ऑपरेशन करून डॉक्टरांनी पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या आणि कानात घालायला असेच थेंब दिले. घरी आले, तर मागांचा आवाज अंगावरच धावून आला. कान दाबून मी रडायला लागले.

आईने चालू माग बंद केले. मागावरचा टॉवेल अर्धाच राहिला. माझ्या पाठीमागे उभं राहून तिने हळूच हाक मारली, "सुमे."

मी वळले.

"ऐकू आलं व्हय गं?" म्हणत ती माझ्यासमोर येऊन बसली.

पुढं त्याच मागांनी तिचे कान नेले. आता मी तिच्या पाठीमागे उभी राहून हळूच "आई" म्हणते. रोज म्हणते. ती वळत नाही. ओरडायचं त्राण नसतं, म्हणून नुसतीच तिच्यासमोर जाऊन बसते.